पुस्तकात नसलेलं हसू

"कालचं शेवटचं पान लावते, म्हणजे सूर सापडेल तुम्हाला," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाली म्हणाली, आणि तो मान डोलावून कोमट पाण्याचे घोट घेत राहिला. रोजचंच होतं हे. आदल्या दिवशी आवाज कुठे सोडला, किती खाली, किती संथ, ते ऐकायचं आणि तिथूनच धागा उचलायचा. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि इतक्या वर्षांत स्वतःचा आवाज ऐकणं त्याला दाढी करताना आरशात बघण्याइतकं सवयीचं झालं होतं. बघतो खरा, पण दिसत काही नाही. तेव्हा तो अर्ध्या कानानेच ऐकत होता. फ्रेंच कादंबरीतला म्हातारा तत्त्वज्ञ आपल्या शर्टाच्या कॉलरबद्दल काहीतरी खोल बोलत होता. मग गोष्टीतल्या दारावर टकटक झाली, म्हाताऱ्याची इस्त्रीवाली बाई आत आली, आणि बोलायच्या आधी ती किंचित हसली. नाकातून, अर्धवट, चुकून दुसऱ्याच्या वस्तूवर पाय पडला की माणूस ओशाळून हसतो तसं. "हं... शर्ट आणलेत, साहेब. आपलं ते एक बटण जरा..." एवढंच. त्याच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. हेडफोनमध्ये त्याची आई हसली होती.

आता यात एवढं हबकण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. वाचणाऱ्याला आवाज उसने घ्यावेच लागतात, आणि ते काय दुकानात मिळतात? आजवर त्याने दातांच्या डॉक्टरचा आवाज एका दरोडेखोराला दिला होता, मामाच्या खोकल्यावर एक अख्खा राजा निभावून नेला होता, आणि सासूबाईंचा सूर तर निरनिराळ्या पुस्तकांतल्या निरनिराळ्या खाष्ट बायकांना इतक्यांदा वापरला होता की जेवताना त्या काही बोलल्या की त्याला घास गिळायची चोरी व्हायची. पण ते सगळं त्याने जाणूनबुजून उचललेलं होतं, मनातल्या मनात परवानगी मागून. हे हसू त्याने घेतलं नव्हतं. इस्त्रीवालीचं पान आलं आणि ते आपोआप बाहेर पडलं, जणू घशात त्याची जागा आधीच केलेली होती. "परत लावा," तो म्हणाला. तिने लावलं. "परत." तिने परत लावलं, आणि मग काचेतून त्याच्याकडे बघत म्हणाली, "छान आलंय ना ते? पुस्तकात नाहीये ते हसू, तुम्हीच घातलंत. मी संपादकबाईंना ऐकवलं. आम्ही दोघी किती हसलो."

"हसलात?"

"म्हणजे प्रेमाने हो. ती बाई जिवंतच झाली त्या हसण्याने. दर वेळी घालताय तुम्ही ते, पहिल्या प्रकरणापासून."

दर वेळी. पहिल्या प्रकरणापासून. तो समोरच्या पानांकडे बघत बसला, आणि त्याला त्या पुस्तकाचा असा काही राग आला की ते उचलून काचेवर भिरकावावं. खरं तर याच पुस्तकाने त्याला रडवलं होतं. पहिल्यांदा घरी वाचायला घेतलं तेव्हा बायकोने दोनदा हाक मारली तरी तो स्वयंपाकघरात गेला नव्हता. गोष्ट म्हणावी तर गोष्टच नाही. एक विधुर म्हातारा, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला, आठवड्याला धुतलेले कपडे घेऊन येणाऱ्या एका बाईबद्दल विचार करत बसतो. ती बाई विचार करते का? करत असेल तर कसला? "इस्त्री केलेला शर्ट घालणारा माणूस दुसऱ्याचा वेळ अंगावर घालून फिरतो," असं एक वाक्य होतं त्यात, आणि ते वाचून त्याने पुस्तक छातीवर पालथं ठेवलं होतं. त्याला वाटलं होतं, अरे, जे आपल्याला जन्मभर कळत होतं पण कुणापुढे बोलता येत नव्हतं, ते या परक्या माणसाने किती सहज लिहून टाकलं. याला जाऊन कडकडून भेटावं. मग दुसऱ्या वाचनात हळूहळू कुठेतरी खुपायला लागलं. एवढं जाडजूड पुस्तक त्या बाईबद्दल, पण ती स्वतः बोलते किती? शर्ट आणलेत. पाऊस लागलाय. हो साहेब. बाकी सगळा विचार म्हाताऱ्याच्या वाट्याला. तो तिच्या हातांवर पानंच्या पानं बोलतो, तिच्या गप्प बसण्याचेही अर्थ लावतो, आणि आपण किती बारकाईने बघतो आहोत याचं त्याला मनातून कौतुक वाटत असतं. लेखकाला भेटलंच तर कडकडून भेटण्याआधी एकच विचारायचं, बाबा रे, तुझे शर्ट कोण धुतं? कधी माया, कधी चीड असं करत तो रेकॉर्डिंगच्या अर्ध्यापर्यंत आला होता, आणि आपण त्या बाईच्या बाजूचे आहोत याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नव्हती. आणि आज कळलं की लेखकाने निदान तिला हसवलं तरी नव्हतं. तिचं हसं केलं ते आपण, तेही आईचं हसू तिच्या तोंडात कोंबून.

संपादकबाई आल्या. त्या शांत बाई होत्या, कुणी वाद घालायला लागलं की चष्मा पुसायच्या. "इस्त्रीवालीची सगळी वाक्यं मला परत वाचायची आहेत," तो म्हणाला. "सगळी." त्यांनी चष्मा काढला. "कशी वाचणार?" कशी? आपल्या नेहमीच्या स्वच्छ, धुतल्या आवाजात तिला बोलायला लावायचं, तर मग ती आणि तो म्हातारा एकाच घरातले वाटणार, आणि सगळ्या पुस्तकाचाच कणा मोडणार. दुसऱ्या कुणाचा आवाज द्यायचा, तर कुणाचा? मोलकरणीचा आवाज म्हणून त्याच्या घशात एकच आवाज होता. "साधं वाचेन," तो म्हणाला, "ते हसू काढून." "अहो, तेच तर सोनं आहे," संपादकबाई म्हणाल्या. "आणि आता उपयोग काय? पहिली प्रकरणं गेलीसुद्धा. अंध वाचकांच्या ग्रंथालयाला आपण जसजसं होईल तसतसं पाठवतो, तुम्हाला माहीत आहे. या आठवड्यात घरोघर पोचली असतील." त्याला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. आईला त्या ग्रंथालयाचं सभासद त्यानेच केलं होतं.

आईची नजर गेल्या वर्षापासून मधोमध पुसत चालली होती. समोरचं काही दिसायचं नाही, कडेकडेचं तेवढं दिसायचं. माणूस बघायचा तर त्याच्याकडून तोंड फिरवायला लागायचं. म्हणून आताशा ती ज्याच्याशी बोले त्याच्याकडे पाठ केल्यासारखी बसे, आणि नव्या माणसाला वाटे, म्हातारीला राग आलाय. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याने पुस्तकं ऐकायचं मोठ्या बटणांचं यंत्र आणून दिलं. "पण मला आलतूफालतू काही नको हं," ती म्हणाली होती. "माझ्या मुलाने वाचलेलं पाठवा म्हणावं." आजवर तिने त्याचं काहीच ऐकलं नव्हतं. तिला वाचायची फारशी सवय नाही, यंत्र नाही, वेळ नाही अशी कारणं होती, आणि त्यानेही कधी आग्रह केला नव्हता. का केला नव्हता, हे त्याने स्वतःला विचारलंही नव्हतं. आता ती शेजारणीला सांगत सुटली होती की लेकाचं पुस्तक येणार आहे. आणि पुस्तक आलं ते हे.

"घसा बरा नाही," असं सांगून तो बाहेर पडला. भर दुपार होती. रस्त्यात कुणी फुटपाथ खणून ठेवला होता, दुकानदार दारात उभे राहून एकमेकांशी बोलत होते, आणि तो आईकडे भराभर चालत होता, जणू लवकर पोचलं तर आवाजाला वाटेत गाठता येईल. ते हसू आईचं खरं, पण घरातलं नव्हे, हे त्याला चालता चालता उमगलं, आणि त्याने त्याला जास्तच धक्का बसला. घरात आई अशी कुठे होती? घरात ती फटकळ. बापाला एका वाक्यात गप्प करायची, घरमालकाला दारातच उलटा पाठवायची, आणि हसायची ती खदखदून, तोंडावर हात न घेता. ते नाकातलं अर्धवट हसू फक्त ती कामाला जायची त्या प्रोफेसर साहेबांच्या घरातलं. त्यांच्या फाटकातून आत शिरताना ती खांदे जरा आत ओढायची आणि ते हसू चढवायची, कामाचा एप्रन चढवावा तसं. भाजी संपली सांगायचं तरी आधी हसायची, पगार वाढवून हवा असला तरी हसायची, कप फुटला तर विचारूच नका. शाळा सुटली की तो तिथेच यायचा, स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर पाटी-पुस्तक घेऊन बसायचा. बाईसाहेबांचं डोकं दुखायचं, म्हणून साहेब दुपारी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. मधल्या खोलीचा पडदा हलायचा आणि त्यामागून ते वाचणं यायचं. कसलं होतं, काय होतं, त्याला अर्ध्याहून अधिक कळायचं नाही, पण बोटं गणितावर ठेवून तो ओठ हलवत राहायचा. आयुष्यात पुढे काही करायचं तर हेच, असं त्याने त्या दाराशी ठरवलं असावं. साहेब भले माणूस. त्यांनी त्याला जुनी पुस्तकं दिली, फी भरली, कधी हटकलं नाही. आई पलीकडे भांडी घासत असायची, आवाज न करता घासत असायची, कारण वाचन चाललेलं.

आणि घरी परतताना कोपऱ्यावरचं वळण आलं की आई एकदम मोकळी व्हायची, चालणंसुद्धा बदलायचं. "चल रे रेडिओ," म्हणायची. तो सारखा बडबडायचा म्हणून रेडिओ. त्याचंही तसंच झालं पुढे. बाहेर एक बोलणं, आईकडे एक. आईच्या खोलीचा जिना चढता चढता त्याच्या जिभेची पार गाठ सुटायची. शब्द सैल व्हायचे, वाक्यं अर्धी राहायची, नाकात यायची. बायको म्हणायची, तुम्ही तुमच्या आईकडे गेलात की फोनवर मला दुसराच माणूस वाटता. तो हसण्यावारी न्यायचा. त्याला वाटायचं, यात काय, सगळेच करतात. आता मात्र त्याला काही हसण्यावारी नेता येईना. आई ते ऐकणार, आणि ऐकता ऐकता तिला कळणार की आपण ज्या पोराला भांडी घासून शिकवलं, त्याने आपल्या सगळ्या बोलण्यातलं एवढंच लक्षात ठेवलं, आणि तेच लोकांना ऐकवलं, आणि लोक हसले. प्रेमाने का होईना, हसले. ती ओरडणार नाही. ती काहीच म्हणणार नाही, आणि पुढच्या खेपेला तो गेला की त्याच्याशी बोलायच्या आधी नाकातून हसेल. या एका कल्पनेने तो जिन्यात मध्येच थांबला आणि कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, काय व्हायचं ते होऊ दे, आणि चढला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून त्याचाच आवाज येत होता. म्हातारा तत्त्वज्ञ आपलं घर, पुस्तकं आणि सकाळच्या उन्हाबद्दल बोलत होता. इस्त्रीवालीचा प्रसंग होऊन गेला होता की यायचा होता, ते कळेना. त्याने दार ढकललं. एक खोली, पलंग, टेबल, हातांची खुर्ची. आई खुर्चीपुढे उभी होती. एका हाताचं मनगट दुसऱ्या हाताने धरलेलं, मान जरा खाली. त्याला वाटलं, यंत्र बंद करायला उठली असेल, म्हणून तो थांबला. पण ती हलली नाही. वाक्य संपलं, दुसरं सुरू झालं, म्हाताऱ्याने एक लांबलचक शंका काढली आणि स्वतःच तिचं समाधान केलं, आणि आई तशीच उभी. त्याने पुढे होऊन बटण दाबलं.

"कोण? तू होय," ती त्याच्याकडून तोंड फिरवत, म्हणजे त्याला बघत म्हणाली. "बंद कशाला केलंस? ऐकत होते ना मी." मग हाताने चाचपत खुर्चीत टेकली आणि गुडघे चोळायला लागली. "पाय भरून आले बाई."

त्याने विचारलं, "ती बाई कशी वाटली गं?"

"कुठली? ती इस्त्रीवाली? बरी आहे." आईने जरा विचार केला. "पण बावळट वाटली. बटण तुटलं तर तुटलं, त्यात हसायचं काय एवढं? मी असते तर सरळ सांगितलं असतं, साहेब, बटण तुटलंय, लावून देते."

"ओळखीची नाही वाटली?"

"हात वेड्या. ती तिकडची फ्रान्सची, माझी कुठली ओळख तिची?"

त्याचा जीव भांड्यात पडला. तो पलंगावर मटकन बसला आणि हसायलाच लागला, आणि आईही, कशाला हसतोय ते न कळताच, खदखदून हसली. म्हणजे तिला ते आपलं हसू माहीतच नव्हतं. कोणाला असतं? ते फक्त दाराशी बसलेल्या पोराला ऐकू यायचं. एवढा रस्ता आपण ऊर फुटेस्तोवर आलो, आणि म्हातारी म्हणते, बावळट आहे. त्याला तिचे गाल धरून कुरवाळावेसे वाटले. आता चहा टाकतो म्हणावं आणि ते पुस्तक कायमचं डोक्यातून काढावं.

"पण तो माणूस मात्र ओळखीचा," आई म्हणाली.

"कोण माणूस?"

"तोच की, जो सारखा बोलतो. अगदी आपले प्रोफेसर साहेब रे. शब्दाशब्दाला तेच. मला डोळ्यांनी दिसत नाही म्हणून काय झालं, पहिल्या वाक्याला ओळखलं मी. उठलेच बघ." ती पुन्हा गुडघे चोळायला लागली. "म्हणजे मला कळतं रे, साहेब जाऊन जमाना झाला. बस म्हटलं स्वतःला, हे यंत्र आहे, तू आपल्या घरात आहेस. पण बसवेचना. ते कधी म्हणाले नाहीत हं, उभी राहा म्हणून. देवमाणूस. कधी आवाज चढवला नाही. पण ते बोलायला लागले की उभं राहायचं, हे पायांनाच ठाऊक. कालपासून चाललंय हे. जरा ऐकते, मग पाय दुखले की बंद करते." मग जरा खाजगी सांगावं तसं ती पुढे झुकली. "त्यांचा मुलगा आहे का रे तो? आणि तुझं कुठे आहे त्यात? मी वाट बघतेय, आता येईल, मग येईल. शेजारीण पण रोज विचारते."

दरोडेखोराचा आवाज दातांच्या डॉक्टरांकडून आणला, राजाचा मामाकडून. बाकी सगळा, जो त्याचा होता, ज्यात तो दुकानात सुटे पैसे मागायचा, बायकोला लग्नाचं विचारलं होतं, मुलीला गोष्टी सांगितल्या होत्या, तो आपण कुठून आणला, असं त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं.

"तो मीच आहे, आई," तो म्हणाला.

"छे. तू असा कुठे बोलतोस?"

"कामावर बोलतो. बाहेर बोलतो."

"चल. म्हणून दाखव बघू."

"घसा बसलाय माझा."

"आईसमोर कसली लाज? जगाला ऐकवतोस, मलाच नको होय रे?" ती आता मजेत आली होती. खुर्चीत नीट सरकून बसली, हात मांडीवर ठेवले, आणि त्याला चांगलं बघता यावं म्हणून तोंड खिडकीकडे केलं. त्याने घसा खाकरला. पुस्तकातलं जे वाक्य पहिल्यांदा ओठावर आलं ते म्हणून टाकलं, पण ते घरच्या जिभेवर आलं, धडा म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखं, आणि आई टाळी वाजवून हसली. "हा तू. हा माझा रेडिओ. पण तो हा नव्हे. मला फसवतोस काय? त्याच्यासारखं म्हण, तर खरं मानीन. आणि मग सांगते शेजारणीला."

तिला खरं वाटायला हवं होतं. तिने इतके दिवस वाट बघितली होती, आणि तिच्या लेकाचं पुस्तक तिच्या खोलीत वाजत होतं, आणि ते तिला माहीत नव्हतं. एकदाच, त्याने ठरवलं. एकच वाक्य. त्याने डोळे मिटले, पाठ ताठ केली, श्वास पोटापर्यंत नेला, आणि आवाज आपसूक खाली उतरला, संथ झाला, धुतल्यासारखा स्वच्छ झाला. "त्या सकाळी माझ्या ध्यानात आलं," तो म्हणाला, "की इतक्या वर्षांत मी तिला एकही गोष्ट विचारलेली नाही, आणि..."

खुर्ची करकरली. त्याने डोळे उघडले. आई उठून उभी होती, मान खाली, मनगट हातात धरून. तिच्या चेहऱ्यावरची मजा कुठल्या कुठे गेली होती, आणि मघाशी खिडकीकडे केलेलं तोंड तिने आता त्याच्याकडे वळवलं होतं, म्हणजे आता तिला तो दिसत नव्हता. त्याला "बस ना गं" म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं त्याने, पण ते कोणत्या आवाजात म्हणायचं, ते त्याला सुचेना.